ब्रॅकेटची रिव्हिजन बदलली, तर वरच्या सगळ्या असेंब्ल्यांचीही बदलायची का?

तुमचा प्रश्न मला असा समजला: पाच जणांची डिझाइन टीम, एका मशीनमध्ये तीनेकशे पार्ट, फाइलींची नावं 'ब्रॅकेट_फायनल_२_नवीन' छापाची. आता नीट नंबर द्यायचे आहेत. पण पार्टमध्ये बदल झाला की नुसती रिव्हिजन (म्हणजे त्याच नंबरच्या ड्रॉइंगची आवृत्ती) वाढवायची की नवा नंबर द्यायचा, आणि तो पार्ट ज्यांत बसतो त्या वरच्या असेंब्ल्यांचं काय करायचं, यावर टीममध्ये दोन तट पडलेत.

मशीन डिझाइनमध्ये माझी बरीच वर्षं गेली आणि त्यातला चांगला मोठा काळ याच भांडणात गेला. माझा अनुभव सांगतो की हा वाद कॅडच्या स्क्रीनसमोर बसून मिटत नाही. त्यासाठी स्टोअरमधल्या डब्यापाशी जाऊन उभं राहावं लागतं.

जुने आणि नवे पार्ट एकाच डब्यात ओतलेत अशी कल्पना करा. फिटर न बघता हाताला येईल तो उचलतो आणि जुन्या किंवा नव्या, कुठल्याही मशीनवर बसवतो. चारही जोड्या बिनतक्रार चालत असतील तर नंबर तोच, रिव्हिजन पुढची. एक जरी जोडी अडत असेल तर नवा नंबर. 'फॉर्म, फिट, फंक्शन' (आकार, बसणं आणि काम) म्हणून जो नियम सांगतात तो हाच. पण ते तीन शब्द घेऊन लोक मीटिंगमध्ये तासभर कीस पाडतात, डबा म्हटलं की पाच मिनिटांत उरकतं. 'नवा पार्ट जुन्या मशीनला चालतो, फक्त जुना नव्याला चालत नाही' ही पळवाट मात्र ठेवू नका. डब्यातून कुठला हाताला लागेल हे फिटरला ठाऊक नसतं.

माझीच चूक सांगतो. मोटरचा एक ब्रॅकेट बेस फ्रेमवर एम८ (८ मिमी जाडीच्या) बोल्टने बसायचा. बोल्ट कमी पडतात म्हणून एम१० केले. ब्रॅकेटची भोकं ९ मिमीची ११ झाली, फ्रेममधले आटे बदलले. मी नंबर तोच ठेवून रिव्हिजन बी ची सी केली, कारण नवा नंबर म्हणजे नवं कागदकाम. जुना ब्रॅकेट नव्या फ्रेमवर आला की एम१० बोल्ट ९ च्या भोकात जातच नव्हता, त्यामुळे ती गडबड जागेवरच पकडली गेली. उलटी जोडी घातक निघाली. काही महिन्यांनी एका जुन्या मशीनसाठी स्पेअर मागवला गेला, स्टोअरने नंबर बघून नवा ब्रॅकेट पाठवला. ११ च्या भोकात एम८ बोल्ट आरामात गेला, वॉशर घालून आवळलाही गेला. पुढे बेल्टच्या ताणाने मोटर सरकत राहिली. आम्ही दोनदा बेल्ट बदलले, पुलीचं अलाइनमेंट तपासलं. भोकाला व्हर्निअर लावायचं कुणाला सुचलं नाही, कारण कागदावर पार्ट बरोबर होता.

हीच चूक मोठ्या प्रमाणावर झाल्याचं उदाहरण म्हणजे जनरल मोटर्सचा इग्निशन स्विच. चावी चालू स्थितीतून सहज सरकायची, धावत्या गाडीचं इंजिन बंद पडायचं आणि एअरबॅग उघडत नसत. मूळ दोष स्विचच्या रचनेत होता. पण २००६ मध्ये आतला प्लंजर (चावीला जागेवर अडवणारी खीळ) आणि स्प्रिंग बदलण्याला मंजुरी मिळाली तेव्हा पार्ट नंबर तोच राहिला. त्यामुळे नंतरच्या गाड्यांत हा त्रास का दिसत नाही, याचा तपास करणाऱ्यांना वर्षानुवर्षं पत्ता लागला नाही. २०१३ मध्ये जुने-नवे स्विच उघडून शेजारी ठेवले तेव्हा फरक दिसला. २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या. त्यात नंतरच्या वर्षांच्या गाड्याही घ्याव्या लागल्या, कारण दुरुस्तीच्या वेळी त्यांत जुना स्विच बसला असण्याची शक्यता होती. नुकसानभरपाईच्या निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले.

आता वरच्या असेंब्ल्यांकडे. तीच डब्याची परीक्षा एकेक पायरी वर चढत द्यायची, आणि जिथे पास व्हाल तिथे थांबायचं. माझ्याच उदाहरणात ब्रॅकेटला नवा नंबर हवा होता. मोटर माउंटिंगची असेंब्ली जुन्या फ्रेमवर नीट बसत नाही, म्हणून तिलाही नवा. फ्रेमला नवा. पण ब्रॅकेट आणि फ्रेम दोन्ही ज्याच्या पोटात आहेत ते ड्राइव्ह युनिट बाहेरून होतं तसंच आहे, अख्खं काढून अख्खं बसवता येतं. त्याचा नंबर तोच, आतली यादी बदलली म्हणून रिव्हिजन पुढची. त्याच्या वर मशीनपर्यंत कशालाही हात लावायचा नाही.

आणि ब्रॅकेटची नुसती रिव्हिजनच बदलली असेल, समजा चॅम्फर (कडेचा तिरपा उतार) वाढवला किंवा एखादी टॉलरन्स (मापातली चालणारी तफावत) सैल केली, तर वर काहीच बदलत नाही. लगतची असेंब्लीसुद्धा नाही. मात्र हे जमायला एक अट आहे: बॉममध्ये (असेंब्लीतल्या पार्टच्या यादीत) फक्त पार्ट नंबर लिहायचा, रिव्हिजन लिहायची नाही. लिहिलीत की एका चॅम्फरपायी पाच पायऱ्यांची ड्रॉइंगं पुन्हा सही करून काढावी लागतात, आणि आठवड्याभरात लोक गुपचूप बदल करू लागतात. तुमच्यातला 'सगळं वाढवा' म्हणणारा गट इथेच चुकतो.

त्या गटाचा एक मुद्दा मात्र रास्त आहे. कुठल्या मशीनमध्ये काय गेलं हे कळणार कसं? त्याची जागा वेगळी: मशीनच्या सीरियल नंबरसमोर ठेवलेली नोंद. बदलाच्या नोटवर 'अमुक सीरियल नंबरपासून लागू' असं लिहा आणि स्टोअरमध्ये पडलेल्या जुन्या मालाचं काय करायचं तेही लिहा: वापरून संपवा, दुरुस्त करा की स्क्रॅप. ड्राइव्ह युनिटचा नंबर तोच राहिल्यावर जुन्या ग्राहकाला कुठला ब्रॅकेट पाठवायचा, हे याच नोंदीवरून कळतं.

नंबर कसा असावा? साधा चढता, सहा आकडी, १००००१ पासून. पहिले दोन आकडे प्रकाराचे, पुढचे दोन धातूचे, असली हुशारी करू नका. उद्या स्टीलचा पार्ट ॲल्युमिनियमचा झाला की नंबर खोटं बोलायला लागतो, आणि एखाद्या प्रकारात शंभरावा पार्ट आला की सगळी रचना कोसळते. अर्थ वर्णनाच्या रकान्यात ठेवा. सुरुवात शून्याने नको, एक्सेल तो गिळतं. मधे अक्षर नको, '१२ई४५' ला एक्सेल घातांक समजून भलतीच संख्या करून ठेवतं. एक्सेल काही जनुकांच्या नावांच्या तारखा करायचं, तेव्हा २०२० मध्ये शेवटी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनेच ती बदलली, मग तुमची-माझी काय कथा!

रिव्हिजनसाठी रिलीजआधी (म्हणजे ड्रॉइंग उत्पादनाला सोडण्याआधी) १, २, ३ आणि रिलीजनंतर ए, बी, सी. ड्रॉइंगच्या रिव्हिजनसाठी असलेल्या एएसएमई वाय१४.३५ या अमेरिकन मानकात आय, ओ, क्यू, एस, एक्स आणि झेड ही अक्षरं वगळली आहेत, तुम्हीही वगळा. कॅड फाइलचं नाव म्हणजे फक्त पार्ट नंबर. त्यात रिव्हिजन घातलीत तर असेंब्ली जुन्या नावाची फाइल शोधत बसते. व्हेंडरला जाणाऱ्या पीडीएफच्या नावात मात्र ती हवीच.

विकत घेतलेल्या वस्तूंनाही स्वतःचा नंबर द्या. '६२०४ बेअरिंग' एवढं पुरत नाही. त्यात सी३ क्लिअरन्सचं (आत जरा जास्त मोकळीक असलेलं) वेगळं, रबर सीलचं वेगळं, पत्र्याच्या शील्डचं वेगळं. प्रत्येकाला तुमचा एक नंबर आणि त्याखाली चालणाऱ्या मेकची यादी.

तीनशे पार्ट म्हणजे फार नाहीत. जे व्हेंडरकडे जातात त्यांच्यापासून सुरुवात करा. नंबर देणारी वही किंवा शीट एकच ठेवा, तीही एकाच माणसाकडे. एखादा पार्ट रद्द झाला तर त्याची ओळ खोडू नका, पुढे 'रद्द' लिहा, आणि तो नंबर पुन्हा कुणालाही देऊ नका.