'बंडखोर' हा शेरा ग्रहांचा की घरच्यांचा?

ताई, बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. जन्म जानेवारी 2000 च्या अखेरचा, नागपूरचा, सकाळी साडेअकराच्या सुमारास. तुम्हाला मिहान ह्या नागपूरच्या उद्योगक्षेत्रातली नोकरी सोडून गडचिरोलीत वनहक्काचं काम करणाऱ्या गटासोबत जायचं आहे. घरच्यांनी पत्रिका दाखवली. गुरुजी म्हणाले, लग्नी (पत्रिकेच्या पहिल्या स्थानात) नीचेचा, म्हणजे दुबळा, शनी आणि दशमात (कामधंद्याच्या दहाव्या स्थानात) रवी आणि हर्षल, म्हणजे युरेनस. मुलगी बंडखोर, कुणाचं ऐकायची नाही, शांती करा आणि लग्न लवकर उरका. तुम्ही विचारता, मी जन्मजात अशीच आहे का? आणि ग्रह समाज बदलवतात का?

मी नागपूरच्या महाल भागात राहतो. वडिलांकडून हे शिकलो, ओळखीपाळखीत पत्रिका बघतो, पैसे घेत नाही. आयुष्याचा मोठा भाग ह्या विद्येत गेला आहे आणि तिच्यावर माझं प्रेम आहे. म्हणूनच तिच्या नावावर एखाद्या मुलीला गप्प बसवलेलं मला सहन होत नाही.

पत्रिका मांडून बघितली. मेष लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास मेष, आणि लग्नात गुरू आणि शनी. चंद्र तुळेत, स्वाती नक्षत्र, म्हणजे सप्तमात (सातव्या स्थानात). दशमात मकरेत रवी, हर्षल आणि नेपच्यून. गुरुजींनी ग्रह बरोबर सांगितले, पण वाचन अर्ध्यावर सोडलं. मेष लग्नाला शनी दशमेश आणि लाभेश, म्हणजे दहाव्या आणि अकराव्या स्थानाचा स्वामी आहे. मेषेत तो नीच आहे हे खरं, पण तिथूनच दहाव्या दृष्टीने तो स्वतःच्या मकर राशीकडे, म्हणजे तुमच्या रवी-हर्षलकडे बघतो. शेजारी भाग्येश, म्हणजे नवव्या भाग्यस्थानाचा स्वामी, गुरू बसला आहे. लाभस्थान म्हणजे मित्र, गट, चार लोकांत मिळून केलेलं काम. जुन्याच नियमांनी वाचलं तरी ह्या पत्रिकेत घर उधळून पळणारी मुलगी दिसत नाही. उशिरा फळ देणारं काम लोकांसोबत चिकाटीने करणारी बाई दिसते. हेच ग्रह घेऊन 'हट्टी' म्हणता येतं आणि 'निश्चयी' सुद्धा म्हणता येतं. दोन्हींतला कोणता शब्द निवडायचा हे पत्रिका सांगत नाही, समोर कोण बसलंय त्यावर ठरतं. तुमच्या जागी मुलगा असता आणि तो यूपीएससीसाठी नोकरी सोडत असता, तर ह्याच दशमातल्या रवी-हर्षलला 'मोठा अधिकारी होणार' असं ऐकायला मिळालं असतं. माझ्यासमोर असे फलादेश झालेले आहेत.

आता हर्षलबद्दल. राशिचक्र पुरं करायला त्याला 84 वर्षं लागतात, म्हणजे एका राशीत साधारण सात वर्षं. नेपच्यूनला 165 वर्षं लागतात. तुमच्या वर्गातल्या झाडून सगळ्यांचा हर्षल मकरेतच असणार. रवीशी त्याची युतीही दरवर्षी होते. तेव्हा 'हर्षल मकरेत म्हणून बंडखोर' हे वाक्य एका मुलीबद्दल बोलतच नाही, एका अख्ख्या पिढीबद्दल बोलतं. तुमचं म्हणावं असं त्यात फक्त स्थान, आणि लग्न दर दोन तासांनी बदलतं म्हटलं तर त्या दिवशी त्या वेळेला शहरात जन्मलेल्या सगळ्या बाळांचं तेच स्थान.

आणि हर्षल बंडखोर ठरला कसा? 13 मार्च 1781 ला विल्यम हर्शेलने इंग्लंडमधल्या बाथ गावातून तो पाहिला. तेव्हा अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध चालू होतं, आठ वर्षांनी फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. पुढच्या पाश्चात्त्य ज्योतिषांनी त्या काळाकडे बघून नव्या ग्रहाकडे क्रांतीचं खातं दिलं, आणि ते तसंच आपल्याकडे आलं. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराला हर्षल माहीतच नव्हता. त्याच्या परंपरेत रूढी मोडणारा म्हणून राहूकडे बोट दाखवतात. आधी समाजात काही घडलं, मग त्यावरून ग्रहाचा स्वभाव ठरला. उलटा क्रम नव्हे.

हे फक्त हर्षलपुरतं नाही. घरी असलेला पत्रिकेचा छापील कागद काढा. अवकहडा चक्राच्या चौकटीत सगळ्यात वर 'वर्ण' असतो, त्याच्यासमोर तुमच्या कागदावर 'शूद्र' छापलेलं असेल. घाबरू नका, हा वर्ण चंद्राच्या राशीवरून ठरतो. तुमची तुळ ही वायुराशी, आणि वायुराशींना तो वर्ण लावतात. जलराशींना ब्राह्मण, अग्निराशींना क्षत्रिय, पृथ्वीराशींना वैश्य. गुणमेलनात ह्या वर्णाला 36 पैकी एक गुण असतो, आणि वराचा वर्ण वधूच्या बरोबरीचा किंवा वरचा असेल तरच तो मिळतो. आज कॉम्प्युटर तो रकाना आपोआप भरतो. सिताबर्डीच्या दुकानातून प्रिंट काढणाऱ्या मुलाला तो का आहे हे ठाऊकही नसतं. एका काळची उतरंड अशी शांतपणे आकाशात नेऊन बसवली गेली आणि तिथून ती शास्त्र म्हणून परत खाली आली. जुन्या ग्रंथांत स्त्रीजातक हा वेगळा अध्याय असतो, बृहज्जातकातही आहे, आणि तिथे बाईची पत्रिका मुख्यतः नवरा, सौभाग्य, संतती ह्यांच्या अंगाने वाचतात. तुमच्या आजीच्या दशमस्थानाकडे करिअर म्हणून कुणी बघितलं नसेल. आज आम्ही सगळेच बघतो. ग्रह तेच आहेत, दशमस्थानही तेच. बाया कमवायला लागल्या आणि फलादेश बदलला. मला यात ज्योतिषाची नामुष्की वाटत नाही. पूर्वीचे जाणते देश, काळ, पात्र बघून बोला म्हणायचे ते ह्यासाठीच. तुमच्या गुरुजींनी पात्र बघितलंच नाही, एवढीच माझी त्यांच्याबद्दल तक्रार.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला परंपरेत वेगळी शाखा आहे. ज्योतिषाचे तीन स्कंध: गणित, संहिता, होरा. एका माणसाचं बघायचं ते होरा. पाऊस, पीक, राजा, प्रजा बघायची ती संहिता. समाज कुठे चालला आहे हे तुमच्या जन्मपत्रिकेतून काढणं, किंवा मीनेत आलेल्या शनीवरून तुमची नोकरी ठरवणं, ही दोन्हींची खिचडी आहे. शनी मार्च 2025 अखेर मीनेत गेला, तो सगळ्यांसाठीच गेला. शिवाय सायन (पाश्चात्त्यांचं, ऋतूंवरून मोजलेलं) आणि निरयन (आपलं, ताऱ्यांवरून मोजलेलं) राशिचक्र ह्यांच्यात सुमारे 24 अंशांचं अंतर आहे. परदेशी ज्योतिषी 2024 च्या नोव्हेंबरपासून प्लूटो कुंभेत धरतात आणि त्यावरून 'नवा समाज' सांगतात. आपल्या पंचांगात तो मकरेत आहे. क्रांतीची तारीख राशीवरून काढणाऱ्याला आधी विचारावं, कुठल्या राशीवरून?

आपल्याच गावाचं उदाहरण घेऊ, कारण यापेक्षा मोठं सामाजिक परिवर्तन नागपूरने बघितलेलं नाही. 14 ऑक्टोबर 1956, दीक्षाभूमी. त्या दिवशी निरयन शनी वृश्चिकेत, हर्षल कर्केत, म्हणजे दोघांत नवपंचम, एकापासून दुसरा पाचव्या-नवव्या राशीत असा शुभ मानलेला योग. शिस्त आणि परिवर्तन ह्यांचा सुंदर मेळ, असं कुणीही ज्योतिषी मागाहून सांगेल. पण तोच नवपंचम त्या दिवशी साऱ्या हिंदुस्थानवर होता. लाखो माणसं पांढरे कपडे घालून जमली ती नागपुरात, आणि त्यामागे काय होतं ते बघा. 1920 मध्ये ह्याच शहरात शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत परिषद झाली. 1927 ला महाडचा सत्याग्रह. 1935 च्या ऑक्टोबरात येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. 1942 च्या जुलैत नागपुरात दलित महिलांची परिषद भरली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षा होत्या. येवल्याची घोषणा आणि दीक्षा यांच्यामध्ये 21 वर्षं गेली. एवढी वर्षं एक माणूस वाचत होता, तपासत होता, आणि गावोगावची माणसं त्याच्यासोबत तयार होत होती. हा हिशेब कुठल्याही युतीने मांडता येत नाही. तो दिवसही मुहूर्त काढून घेतलेला नव्हता, सम्राट अशोकाच्या धम्माशी जोडलेली विजयादशमी म्हणून निवडलेला होता. एकट्याचा ठामपणा आणि सगळ्यांनी मिळून टाकलेलं पाऊल एकमेकांच्या आड येत नाहीत, हे मला तिथे दर वर्षी जाणवतं. राशिचक्रात रवीच्या सिंहेसमोर शनीची कुंभ येते, एक आणि अनेक असे समोरासमोर. पण समोरासमोर म्हणजे वैर नव्हे, सातवं स्थान जोडीदाराचंही असतं.

तुम्ही जिथे जायचं म्हणता तिथेही हेच आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला, देशात पहिल्यांदा मिळालेल्या गावांत ते आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा. तिथल्या ग्रामसभेत बहुमताने निर्णय होत नाही, सर्वसहमती लागते. एकाचं पटलं नाही तर विषय थांबतो, अभ्यासगटात परत चर्चेला जातो. म्हणजे वेगळं मत असणाऱ्याला तिथे बंडखोर म्हणत नाहीत, त्याच्यासाठी सगळं गाव थांबतं. आपल्या घरांत जेवणाच्या ताटावर असे निर्णय होतात का, हा विचार तुमच्या आईबाबांसमोर मांडण्यासारखा आहे. भांडून नको, त्यांची काळजीही खरी आहे. पगार थांबणार, आजारपणाचं काय, एकटी मुलगी जंगलात कशी राहणार. ह्या प्रश्नांना उत्तरं द्यायलाच हवीत. पण ती उत्तरं शनी देणार नाही. तो गट मानधन किती देतो, राहायचं कुठे, वर्षभराने परत यावं लागलं तर हाताशी किती पैसे असतील, ह्याची एक पानभर यादी करा आणि बाबांना द्या. गुरुजींच्या वाक्यापेक्षा तिचा उपयोग जास्त होईल.

आणखी एक, कारण ते लपवून मी तुम्हाला सल्ला देऊ शकत नाही. 2008 मध्ये पुण्यात डॉ. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि इतरांनी एक चाचणी घेतली. हुशार विद्यार्थी आणि बौद्धिक अपंगत्व असलेली मुलं, अशा दोन गटांच्या पत्रिका मिसळून प्रत्येक ज्योतिषाला 40 पत्रिका दिल्या आणि कोणती कुठल्या गटातली ते विचारलं. 27 ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर आलेल्यांचं प्रमाण सुमारे 46 टक्के होतं, नाणं उडवून येतं त्याहून जास्त नाही. बुद्धीसारखी ठळक गोष्ट पत्रिकेवरून ओळखता येत नसेल, तर 'ही मुलगी कुणाचं ऐकणार नाही' हे छातीठोकपणे सांगायचा अधिकार आम्हा कुणालाच नाही. मी पत्रिका बघतो ते माणसाला बसून स्वतःबद्दल बोलायला एक निमित्त मिळतं म्हणून. चंद्र-शनी समोरासमोर आहेत म्हटलं की लोक आपोआप आईबद्दल, एकटेपणाबद्दल बोलू लागतात, आणि ते बोलणं मोलाचं असतं. निर्णय मात्र त्या बोलण्यातून माणसाने घ्यावा.

शांतीचं म्हणाल तर आईला बरं वाटत असेल आणि परवडत असेल तर घरी साधी पूजा करा, श्रद्धेचा मान राहील. 'बंडखोरी जावी' असा संकल्प मात्र करू देऊ नका. हजारोंचा खर्च सांगितला असेल तर स्पष्ट नाही म्हणा. लग्नाची घाई ह्या ग्रहांवरून करण्यासारखं काहीच नाही. सप्तमातल्या चंद्रावर शनीची दृष्टी असेल तर जुने जाणते उलट थांबूनच करा म्हणतात. गुरुजींना तेच त्यांच्या भाषेत विचारा, ते नाही म्हणू शकणार नाहीत.

आणि साडेअकरा ही वेळ कुणी सांगितली? आईच्या आठवणीतली असेल तर दवाखान्याचा कागद शोधा. अर्धा-पाऊण तास आधीची निघाली तर लग्न मीन होतं, शनी धनस्थानात जातो आणि रवी-हर्षल दशमातून उठून लाभात बसतात. मग शांती कशाची करायची, हे गुरुजींना पहिल्यापासून सांगावं लागेल. कागद मिळाला की वेळ इथे टाका, दोन्ही पत्रिका शेजारी मांडून दाखवतो.