बारा वर्षांची गाडी, फुल इन्शुरन्स आणि पॉलिसीवरचं नाव

प्रश्न : आमची २०१३ची पेट्रोल हॅचबॅक आहे, १२०० सीसी. बाबांनी घेतलेली. ते तीन वर्षांपूर्वी गेले, आता ऑफिसला मीच रोज चालवतो. विकली तर दीड लाख येतील. एजंट फुल इन्शुरन्सचे ११,७०० सांगतोय. त्यात आयडीव्ही (गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण गेली तर कंपनी धरते ती किंमत) २ लाख ४० हजार, शिवाय इंजिन प्रोटेक्ट आणि कन्झ्युमेबल्स (ऑइल, नट-बोल्टसारख्या वस्तू) हे अॅड-ऑन, म्हणजे जादा संरक्षण. गाडी चोरीला गेली तर एवढे पैसे तरी हातात येतील, असं तो म्हणतो. नुसती थर्ड पार्टी, म्हणजे फक्त दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, साडेचार हजारांत होते. काय घेऊ? आरसी आणि पॉलिसी बाबांच्याच नावावर आहे. नाव बदललं तर ५० टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) जाईल म्हणून एजंटने तसंच राहू द्यायला सांगितलं. तीन लाखांची एफडी आहे, गाडी सोसायटीत छपराखाली लागते.

उत्तर : फुल की थर्ड पार्टी, हे शेवटी सांगतो. आज तुमच्याकडे या दोन्हींपैकी एकही विमा धड नाही, म्हणून आधी नावाचं बोलू.

गाडीमालक वारला की चालू पॉलिसी तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवरच टिकते. तेवढ्यात वारसाने ती आपल्या नावावर करून घ्यायची किंवा नवी काढायची. आरटीओला मृत्यूची खबर ३० दिवसांत द्यायची आणि नाव बदलण्यासाठी फॉर्म ३१ तीन महिन्यांच्या आत भरायचा. तुम्ही मात्र हयात नसलेल्या माणसाच्या नावाने दरवर्षी करार करत आलात. प्रीमियम वेळेवर कापला गेला, पॉलिसीची पीडीएफ मेलवर आली, म्हणून सगळं ठीक वाटलं. क्लेम आला की सर्व्हेअर आरसी, पॉलिसी आणि चालवणाऱ्याचं लायसन्स शेजारी शेजारी ठेवतो. दावा नाकारायला कंपनीला याहून आयतं कारण कुठलं हवं?

बंपर फुटला आणि क्लेम नाकारला, तर वीस-पंचवीस हजारांवर भागेल. तुमच्या गाडीने कोणी जबर जखमी झालं किंवा दगावलं तर? त्या भरपाईला कायद्याने वरची मर्यादा नाही. अपघात भरपाई ठरवणाऱ्या ट्रिब्युनलने कंपनीला आधी पैसे द्यायला लावले, तरी तीच रक्कम तुमच्याकडून वसूल करण्याची मुभा कंपनीला मिळू शकते. तुमची तीन लाखांची एफडी तिथे कुठेच पुरणार नाही.

आता पॉलिसीचं पहिलं पान उघडा आणि प्रीमियमच्या तक्त्यात ‘कम्पल्सरी पीए, ओनर-ड्रायव्हर’ ही ओळ शोधा. पुढे तीन-चारशे रुपये लावलेले असतील. हा १५ लाखांचा अपघात विमा पॉलिसीत ज्याचं नाव आहे त्या मालकाचा असतो, गाडी चालवणाऱ्या कोणाचाही नसतो. म्हणजे तीन वर्षं तुम्ही बाबांच्या अपघाताचा विमा भरताय, आणि रोज स्टिअरिंगवर बसणाऱ्या तुमच्यासाठी त्यात एक रुपया नाही. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं.

आणि ज्या बोनससाठी हे सगळं केलं, तो जाणारच नव्हता. मालकाच्या मृत्यूनंतर गाडी पती-पत्नी, मुलं किंवा आई-वडिलांकडे आली तर नो क्लेम बोनसही त्यांच्याकडे येतो, हे मोटार टॅरिफमध्येच, म्हणजे गाडी विम्याच्या नियमावलीतच आहे. एजंटला हे माहीत नसेल तर त्याने सल्ला द्यायला नको होता. माहीत असूनही त्याने असं सांगितलं असेल, तर आजच एजंट बदला.

विमा कंपनीला आजच लेखी कळवा, सोबत मृत्यूचा दाखला जोडा. मधल्या तीन वर्षांचा बोनस ती कितपत धरते, तेही लेखी मागा. आरटीओत फॉर्म ३१ सोबत आरसी, पीयूसी, वारस असल्याचा पुरावा आणि आई-भावंडांची ना-हरकत लागेल. आरसीवर जुन्या कर्जाच्या बँकेचं नाव राहिलं असेल, तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी आणून तेही काढून टाका. तुमच्या नावाचा वैध विमा हातात येईपर्यंत गाडी छपराखालीच राहू द्या.

आता तुमचा प्रश्न. पाच वर्षांपुढच्या गाडीची आयडीव्ही तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता. दीड लाखाच्या गाडीवर २ लाख ४० हजार लिहून घेतले, तर प्रीमियम आज नक्की वाढतो आणि क्लेमच्या वेळी किमतीवरून वाद होतो. चोरीतून नफा निघेल ही आशा सोडून द्या. दीड लाख धरले, अॅड-ऑन काढले, तर ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बोनस वजा जाऊन, जीएसटीसह, साधारण ३,१०० रुपये.

त्यात मिळतं काय? समजा २४ हजारांचं बिल झालं : प्लास्टिक १० हजार, पत्रा ६ हजार, मजुरी ८ हजार. प्लास्टिकला ५० टक्के घसारा, दहा वर्षांपुढच्या गाडीच्या पत्र्यालाही ५० टक्के. वर दर क्लेमला सक्तीने तुम्ही सोसायचे एक हजार. हातात १५ हजार. मग बोनस शून्यावर येतो आणि तो परत ५० टक्क्यांपर्यंत चढेतो पुढच्या पाच वर्षांत साडेसात हजारांच्या आसपास जादा प्रीमियम जातो. राहिले साडेसात हजार.

गाडी पूर्ण गेली तरी तुमचं जास्तीत जास्त नुकसान दीड लाखाचं, आणि तेवढं तुम्ही एफडीतून सोसू शकता. त्यामुळे नाव बदलून झालं की नुसती थर्ड पार्टी घ्या, १५ लाखांचा अपघात विमा तुमच्या नावाने. सोसायटीत पावसाचं पाणी भरत असेल तर मात्र फुल घ्या, आणि तिथे इंजिन प्रोटेक्टलाही अर्थ आहे. पाणी शिरून इंजिन बसलं तर साधी फुल पॉलिसी सहसा ते धरत नाही.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही : नवी गाडी कधी घेणार? ओन डॅमेज बंद करून ९० दिवस उलटले की बोनस संपतो. वर्ष-दोन वर्षांत नवी गाडी घ्यायची असेल आणि कंपनीने ५० टक्के बोनस मान्य केला असेल, तर तोवर ते ३,१०० भरत राहा. जुनी विकताना बोनसचं पत्र घ्या, ते तीन वर्षं चालतं. दहा लाखांच्या नव्या गाडीच्या पहिल्याच प्रीमियममध्ये सात-आठ हजार वाचू शकतात.