पिल्लाला ब्रश कोणता? आणि ब्रशमध्ये गोचीड निघाली तर?

लस टोचायला आणलेलं पिल्लू टेबलावर ठेवलं की मालक पिशवीतून ब्रश काढतात, "डॉक्टर, हा चालेल का?" गोंधळ सगळ्यांचा तोच, म्हणून उत्तरं लिहूनच देतो.

दोन महिन्यांचा लॅब्रेडॉर आहे. दुकानदाराने सात ब्रशचा सेट दिलाय. कुठला वापरू? (कोथरूड)

मऊ केसांचा एक. बाकीचे परत करून या. त्यात केस उपसणारी स्टीलच्या दात्यांची फणी असेल, ती तर लावूच नका. कोवळ्या कातडीवर ओरखडे उठतात. चार-सहा महिन्यांचा झाला की लव गळून मोठे केस येऊ लागतील. पुढचा ब्रश तेव्हा दाखवून घ्या. 'पपी स्पेशल' छापलं की फक्त किंमत वाढते.

गावठी पिल्लाला ब्रश लागतो का? (धायरी)

हो. रबरी, आठवड्यातून दोनदा.

शिह त्झूला रोज विंचरते, तरी कानामागे गुंता होतो. (औंध)

वरवर विंचरता म्हणून. बट मुळाशी चिमटीत धरा, म्हणजे कातडी ताणली जात नाही, आणि टोकाकडून सोडवत वर या. शेवटी स्टीलचा कंगवा फिरवा. अडला तर गुंता बाकी आहे. घट्ट गाठ कात्रीने कापू नका. गाठीबरोबर कातडीही वर येते, आणि चिरलेला कान मग मला शिवावा लागतो.

ब्रशमध्ये दोन गोचिड्या निघाल्या. शेजारी म्हणतात रॉकेल लावा. की बारीक दातांचा कंगवा आणू? (हडपसर)

रॉकेल नको, फिनेल नको, कापराचं तेलही नको. पिल्लू अंग चाटतं, ते सगळं पोटात जातं. गोचीड चिमट्याने अगदी कातडीलगत पकडा, सरळ ओढा, स्पिरिटमध्ये टाका. बोटांनी चिरडू नका. कंगवा शोधायला चांगला, पण तो इलाज नव्हे. रक्त पिऊन एरंडीच्या बीसारखी टम्म फुगलेली मादी गळून पडते आणि भिंतीच्या फटीत हजारांनी अंडी घालते. म्हणून पिल्लाला औषध आणि घराचा बंदोबस्त, दोन्ही हवं. औषध वय आणि वजन बघूनच. मोठ्या कुत्र्याची ट्यूब अर्धी करून वापरू नका. घरात मांजर असेल तर आधी सांगा, यातली काही औषधं तिच्या जिवावर बेततात.

आणि हे तर नीट ऐका. एर्लिकिया, बबेसिया हे रक्ताचे आजार गोचिडीच्या चाव्यातून होतात. पिल्लू खात नाही, अंग तापलंय, लघवी कोऱ्या चहासारखी होतेय, आणि घरचे "उन्हाने सुस्तावलंय" म्हणत चार दिवस काढतात! ओठ वर करून हिरड्या बघा. गुलाबी हव्यात. हिरड्या मुळातच काळ्या असतील तर खालची पापणी ओढून आत बघा. पांढुरकं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, रविवार असला तरी. रक्त तपासून उपचार लवकर सुरू झाले तर पिल्लू सावरू शकतं. उशीर झाला की रक्त चढवायची पाळी येते.

ब्रश दिसला की चावायला धावतो. (वाकड)

आधी हुंगू द्या, मग दोनच मिनिटं फिरवा, लगेच खाऊ द्या. पण एकाच जागी हात लावल्यावर चावत असेल तर तिथे दुखतंय. घेऊन या.