विद्यापीठाच्या आवारात पर्यावरणरक्षणाची सुरुवात कोठून करावी?

सुरुवात वसतिगृहाच्या खानावळीतील ओल्या कचऱ्यापासून करावी, वृक्षारोपणापासून नव्हे. दिवसाला सरासरी १०० किलोंहून अधिक कचरा निर्माण करणाऱ्या विद्यापीठांना केंद्र सरकारच्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीच मोठ्या कचरा उत्पादकांत, म्हणजे आपल्या कचऱ्याची जबाबदारी स्वतः घ्यावी लागणाऱ्या संस्थांत, गणले आहे; त्यामुळे ओल्या कचऱ्यावर आवारातच प्रक्रिया करण्याची मागणी घेऊन कुलसचिवांकडे जाताना विद्यार्थ्यांच्या हाती विनंतीपेक्षा भक्कम आधार असतो. शिवाय ओल्या कचऱ्यात नत्र (नायट्रोजन) आणि पाणी जास्त, तर आवारात झाडून काढलेल्या व अनेक ठिकाणी दुर्दैवाने जाळून टाकल्या जाणाऱ्या पालापाचोळ्यात कर्ब (कार्बन) जास्त असतो, आणि चांगल्या कंपोस्टसाठी कर्ब व नत्र यांचे प्रमाण साधारण २५ ते ३० ला १ असे लागते. म्हणजे लागणारे दोन्ही घटक आवारातच मिळतात. ढीग अधूनमधून वरखाली करावा आणि पावसाळ्यात त्यावर छप्पर असावे, अन्यथा हवा न मिळाल्याने दुर्गंधी सुटते आणि पहिला विरोध वसतिगृहातूनच होतो. मात्र तेलकट उष्टे व हाडे या ढिगात घालू नयेत. ताटांतील उष्टेच रोज मोठ्या प्रमाणात निघत असेल, तर बायोगॅस संयंत्र अधिक योग्य ठरते, आणि तो गॅस त्याच खानावळीत स्वयंपाकासाठी वापरता येतो.