गोव्याच्या कॅसिनोत पोकरमध्ये दर वेळी हरतो, खेळ कसा सुधारू?

लातूरहून पणजीला जाऊन टेक्सास होल्डेम हा पोकरचा प्रकार खेळता आणि हरून येता, असं तुम्ही लिहिलंय. आपल्या मराठवाड्यात बहुतेकांचा हात तीन पत्तीवर बसलेला, आणि तीच सवय नडते: पानं न बघता चाल, बघूनही चाल. होल्डेममध्ये नऊ जणांच्या टेबलावर दहातले आठ हात, म्हणजे वाटून आलेली पानं, टाकूनच द्यायचे. तासाला तीसेक हात वाटले जातात, म्हणजे खेळायचे सहा-सात. कंटाळा येणारच.

खरी गळती ड्रॉमध्ये, म्हणजे हव्या त्या पानाची वाट बघत खेळताना होते. टर्नवर, म्हणजे टेबलावर चौथं उघडं पान आल्यावर, पॉट (मधली जमा रक्कम) ३,००० चा आहे, समोरच्यानं १,५०० लावले. कॉल केला, म्हणजे तेवढेच लावले, तर पॉट ६,००० चा, त्यात तुमचे १,५००. म्हणजे २५ टक्के वेळा तरी जिंकायला हवं. फ्लशला (एकाच जातीची पाच पानं) एकच पान कमी असेल तर कामाची पानं ९, न दिसलेली ४६. शक्यता २० टक्क्यांच्याही जराशी खाली. बदामाची चार पानं कितीही गोड दिसोत, फोल्ड करा, पानं टाकून द्या. समोरच्यापुढे अजून बऱ्याच चिप्स असतील आणि फ्लश लागल्यावर तो त्या देणारा असेल, तरच कॉल.

रात्रभर स्वतः रक्कम न वाढवता नुसता चेक-कॉल करणारा माणूस रिव्हरवर, म्हणजे शेवटच्या पाचव्या पानावर, अचानक रेझ करतो (रक्कम वाढवतो), तेव्हा एका जोडीवर अडून बसू नका. तो बहुधा ब्लफ नसतो.

रेझ करताना आधी तोंडानं ‘रेझ’ म्हणा. न बोलता एकच मोठी चिप टाकली तर ती कॉल धरतात.

आणि दारू टेबलावरून उठल्यावर.