एकाच घराण्यातली इंजिनं

प्रश्न : माझ्याकडे २०११ची स्विफ्ट डिझेल आहे आणि मेव्हण्याकडे इंडिका व्हिस्टा. दोघांचा मिस्त्री एकच. तो म्हणतो, दोन्ही गाड्यांत फियाटचंच इंजिन आहे. मारुती आणि टाटा एकमेकांचे स्पर्धक, मग इंजिन एक कसं? आणि एकच असेल तर फियाटच्या लिनियाला ९० हॉर्सपॉवर आणि माझ्या गाडीला ७५ का? माझीही ९०ची करून मिळेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या मिस्त्रीला माझा नमस्कार सांगा, गडी बरोबर बोलतोय. १२४८ सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, बोअर म्हणजे सिलिंडरची रुंदी ६९.६ मिलिमीटर, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ८२ मिलिमीटर. दोन्ही इंजिनांची मापं हीच आहेत. नाव तेवढं ज्याने त्याने आपापलं लावलं. फियाट म्हणते मल्टिजेट, मारुती म्हणते डीडीआयएस, टाटा क्वाड्राजेट, तिकडे युरोपात, तेव्हा जनरल मोटर्सकडे असलेले, ओपलवाले सीडीटीआय. आपल्याकडे तर ते इतक्या गाड्यांत बसलं की गाडीवेडी पोरं त्याला 'राष्ट्रीय इंजिन' म्हणायला लागली.

हे कसं झालं ते सांगायचं तर आधी इंजेक्शनबद्दल बोलावं लागेल, कारण या इंजिनाचा जीव तिथेच आहे. जुन्या डिझेलमध्ये पंप जसा फिरेल तसा दाब. इंजिन सावकाश फिरत असलं की दाब पडायचा, फवारा जाडा यायचा, आणि मग काळा धूर. कॉमन रेलमध्ये पंपाचं काम एकच, एका जाड नळीत डिझेल कायम दाबून ठेवायचं. चारही इंजेक्टर त्या नळीवरून पितात आणि कोणता कधी, किती वेळ उघडायचा ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, ठरवतं. या इंजिनाच्या पहिल्या पिढीत हा दाब १,४०० बारपर्यंत जायचा. तुमच्या टायरमधली हवा सव्वादोन बारच्या आसपास असते, त्यावरून अंदाज घ्या. गाडी चालू असताना रेलचा नट सैल करून 'डिझेल येतंय का' बघणारे मिस्त्री अजून भेटतात. त्या फवाऱ्यापुढे हात धरला तर डिझेल कातडी फोडून आत शिरतं. असं करणाऱ्याच्या हाती गाडी देऊ नका.

मोटारींसाठी ही पद्धत नव्वदच्या दशकात फियाटच्या घरातच आकाराला आली. मॅग्नेटी मारेल्ली, फियाटचं संशोधन केंद्र आणि एलासिस या तिघांचं ते काम. भौतिकशास्त्रज्ञ मारिओ रिक्को यांचं नाव त्यात आवर्जून घेतलं जातं. पण कारखान्यात लाखांनी बनवण्याजोगं रूप देण्याच्या टप्प्यावर फियाटने हक्क बॉशला विकले. १९९७मध्ये अल्फा रोमिओ १५६ ही कॉमन रेल असलेली पहिली मोटार रस्त्यावर आली खरी, पण पुढे जगभर पैसा केला तो बॉशने. मला विचाराल तर फियाटने केलेला हा सगळ्यात वाईट सौदा.

तुमचं इंजिन ही कॉमन रेलची दुसरी पायरी. पहिल्या पद्धतीत एका स्फोटासाठी डिझेल दोन हप्त्यांत जायचं, आधी थोडं आणि मग मुख्य. मल्टिजेटमध्ये ते पाच हप्त्यांपर्यंत वाटता येतं. पहिला हप्ता एक-दोन घन मिलिमीटरचा, जेमतेम मोहरीच्या दाण्याएवढा. पण तो आधी पेटून सिलिंडर गरम करतो, त्यामुळे मुख्य डिझेल एकदम भडकत नाही आणि डिझेलचा तो ठणठणाट बराच कमी होतो. २००३मध्ये हे सगळं इटालियन डोकं पोलंडमधल्या बिएल्स्को-बिआवा इथल्या कारखान्यात १.३ लिटरच्या छोट्या इंजिनात उतरलं. सुरुवातीला ताकद ७० हॉर्सपॉवर, वजन १४० किलोच्या आसपास. ओतीव लोखंडाचा ब्लॉक, वर ॲल्युमिनियमचं हेड. एवढ्या लहान डिझेलला एवढी अक्कल कोणी दिली नव्हती. २००५मध्ये त्याला त्याच्या गटातलं 'इंजिन ऑफ द इयर' मिळालं ते उगाच नाही.

आता वाटणीची गोष्ट. २०००मध्ये फियाट आणि जनरल मोटर्स यांनी इंजिनांसाठी भागीदारी केली. २००५मध्ये ती मोडली, आणि फियाट विकत घेण्याच्या बंधनातून सुटण्यासाठी जनरल मोटर्सने फियाटला सुमारे दोन अब्ज डॉलर मोजले. (नवरा-बायकोच्या पोटगीच्या गोष्टी आपण ऐकतो, ही कंपन्यांची.) मात्र या डिझेलवरचा जनरल मोटर्सचा हक्क राहिला. सुझुकीने परवाना घेऊन मानेसरला ते बनवायला घेतलं आणि २००७च्या जानेवारीत स्विफ्ट डिझेल आली. टाटांनी फियाटशी हात मिळवून रांजणगावला एकत्र कारखाना काढला, त्यातून २००८मध्ये व्हिस्टा क्वाड्राजेट आली, पाठोपाठ लिनिया आणि पुंटो.

स्पर्धकांना एकच इंजिन कसं परवडतं, तर नवं डिझेल इंजिन शून्यातून उभं करणं कोणालाच परवडत नाही म्हणून. नुसतं ब्लॉक ओतण्याचं पॅटर्न, डाय, मशिनिंगची लाइन यांचा खर्च काय असतो ते आमच्या कोल्हापुरात फाउंड्रीवाल्यांना विचारा. तो खर्च चार-पाच कंपन्यांच्या लाखो इंजिनांवर पसरला की प्रत्येक गाडीमागे झेपतो.

आणि गंमत पुढेच आहे. २०१०च्या जूनमध्ये सरकारने पेट्रोलचे भाव मोकळे सोडले, डिझेलचे धरून ठेवले. दोन्हींतलं अंतर वाढलं, लोक डिझेल गाड्यांवर तुटून पडले आणि मारुतीला मानेसरची इंजिनं पुरेनात. शेवटी २०१२मध्ये मारुतीने फियाटशी वर्षाला एक लाखापर्यंत इंजिनांचा करार केला, तीन वर्षांसाठी. म्हणजे पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, रांजणगावला बनलेलं इंजिन मारुतीच्या गाडीत बसायला हरियाणात जाऊ लागलं. तुमची स्विफ्ट २०११ची, म्हणजे करारापूर्वीची, तिचं इंजिन मानेसरचं. मेव्हण्याचं रांजणगावचं. दिवाळीत भेटलात की वाद घालायला एवढं पुरे.

घराण्यातलं एक धाकटं भावंडही आपल्याच जिल्ह्यांतलं. १२४८ला चारने भागा आणि तिनाने गुणा, ९३६ येतात. जनरल मोटर्सच्या शेवरोले बीट डिझेलचं इंजिन ९३६ सीसी, तीन सिलिंडर. बोअर-स्ट्रोक तोच, एक सिलिंडर कमी केलेला. ते तळेगावला बनायचं. तीन सिलिंडरमुळे आयडलवर थरथर थोडी जास्त, पण मोजून डिझेल पिणारं होतं बिचारं.

मग ७५ आणि ९० यांत फरक कशाचा? ब्लॉक तोच, क्षमता तीच, टर्बो वेगळा. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. तुमच्या गाडीत साधा टर्बो आहे, त्याच्या पात्याभोवतीची वाट ठरलेली. लिनिया, मांझा, एर्टिगा यांच्या ९०च्या इंजिनात टर्बाइनभोवती हलणाऱ्या पाकळ्या असतात. इंजिन सावकाश फिरताना त्या मिटतात, धुराची वाट अरुंद होते आणि पातं तरीही जोरात फिरतं. इंजिन चढलं की पाकळ्या उघडतात. शिवाय इंटरकूलर (कोंबलेली हवा थंड करणारी जाळी), इंजेक्टर आणि ईसीयूतला प्रोग्रामही त्या हिशेबाने वेगळा. माझं मत विचाराल तर घाटात ७५वालं जास्त समजूतदार. दोन हजार आरपीएमच्या खाली दोन्हीही झोपाळू, पण ९०वालं जागं होताना दचकवतं. आंबा घाटात दुसऱ्या गिअरमध्ये ट्रकमागे अडकलात की हे कळतं.

तुमची ९०ची करून मिळेल का, तर करून देणारे पैशाला पासरी आहेत. लॅपटॉप लावतात, अर्ध्या तासात प्रोग्राम बदलतात. साध्या टर्बोवर तेवढा दाब रोज घेतला तर बिचाऱ्याचं बेअरिंग आणि तुमचा क्लच यांची शर्यत लागते, आधी कोण जातं याची. करू नका. आणि व्हिस्टाचं भंगारातलं इंजिन आणून स्विफ्टमध्ये बसवायचा विचार असेल तर तोही सोडा. आतला माल जुळतो, पण माउंटिंग, वायरिंग आणि ईसीयू जुळत नाही.

प्रश्न : आमची डिझायर डिझेल सकाळी पहिल्यांदा स्टार्ट केली की क्षणभर साखळी वाजल्यासारखा आवाज येतो आणि मग थांबतो. गॅरेजवाले म्हणतात, इंजिन खोलावं लागेल. खोलू का?
— एक वाचक भगिनी, इचलकरंजी

उत्तर : ताई, साखळी वाजल्यासारखा म्हणता, ती साखळीच आहे. डिझायरमध्येही वरचंच इंजिन आहे. त्यात टायमिंगला, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवायला, रबरी पट्टा नाही, चेन आहे. ती ताणून धरणारा टेन्शनर इंजिन ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभर गाडी उभी राहिली की त्यातलं ऑइल खाली उतरतं, सकाळी दाब येईपर्यंत चेन सैल असते आणि वाजते. एक-दोन सेकंदांत थांबत असेल तर लगेच खोलू नका.

आधी डिपस्टिक काढून बघा. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटं झालेली. या इंजिनात ऑइल जेमतेम तीन लिटर मावतं. त्यातलं अर्धा लिटर कमी झालं तर सहावा हिस्सा गेला की! मोठ्या इंजिनात जे चालून जातं ते इथे चालत नाही. ऑइल पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच घाला, पेट्रोलपंपावर स्वस्तात मिळतं ते नको. बदलायची मुदतही लांबवू नका.

आवाज इंजिन गरम झाल्यावरही, आयडलला, पुलीच्या बाजूने येत राहिला तर मात्र थांबू नका. आमच्याकडे अशी एक गाडी टोचन करून आली होती. डिपस्टिक कोरडी ठणठणीत. चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, उतरवला तर तळाशी काळं, दाट ऑइल आणि त्यात गाइडच्या प्लास्टिकचे तुकडे. चेन दात सोडून उडाली की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. त्या मालकाचं नशीब बरं, रॉकर मोडून भागलं. व्हॉल्व्ह वाकले असते तर हेड उतरवावं लागलं असतं. बदलायची वेळ आली तर नुसती चेन बदलू देऊ नका. टेन्शनर, गाइड आणि दातेरी चाकं यांचा पूर्ण सेट टाका, मजुरी तेवढीच लागते.

प्रश्न : एवढं चांगलं इंजिन होतं तर बंद का केलं? आणि डिझेल गाडी दहा वर्षांनी भंगारात जाते म्हणतात, ते खरं का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : १ एप्रिल २०२०पासून बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे कडक नियम, लागू झाले. डिझेल मोटारीच्या धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला २५० मिलिग्रॅमवरून थेट ८०वर आली, काजळीची २५वरून साडेचारवर. त्यासाठी काजळी अडवणारा फिल्टर आणि बाकी साज चढवायचा तर छोट्या गाडीची किंमत एवढी वाढणार की गिऱ्हाईक पेट्रोल किंवा सीएनजीकडेच जाणार. मारुतीने हिशेब केला आणि हे इंजिन थांबवलं. भावनेपेक्षा हिशेब मोठा, कंपनीत काम केलेल्या कोणालाही यात नवल वाटणार नाही.

दहा वर्षांचं म्हणाल, तर ती अट दिल्ली आणि आसपासच्या भागासाठी घातलेली होती, बार्शीसाठी नाही. आपल्याकडे खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे गाडी तपासून घेऊन नूतनीकरण होतं. मुदत संपायच्या आधी आरटीओत अर्ज करा, आणि पासिंगला नेण्याअगोदर एअर फिल्टर बदलून, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) साफ करून घ्या. धुराच्या चाचणीत पुष्कळ गाड्या अडकतात त्या या दोन गोष्टींपायीच.