बायपोलर असताना सीपॅपच्या मास्कची सवय व्हायला किती दिवस लागतात?

मास्क बांधला की गुदमरल्यासारखे होते, मध्यरात्री तो काढून टाकावासा वाटतो, आणि त्यात बायपोलरची (कधी नैराश्य, तर कधी उन्माद येणाऱ्या आजाराची) औषधेही चालू आहेत, असे आपण लिहिले आहे. मला सवय व्हायला सुमारे दोन महिने लागले. परंतु सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारे यंत्र, सुरू करत असल्याचे आपण आपल्या मानसोपचारतज्ज्ञांना कळवले आहे का? मी कळवले नव्हते.

माझ्या घोरण्याला आमच्या घरात कित्येक वर्षे गाढ झोप समजत असत. सकाळी डोके जड असे, वर्गात फळ्यासमोर उभ्या उभ्या डुलकी येई, आणि आमचे दादा त्याला सरळ आळस म्हणत. मी ते नैराश्य समजत होतो, डॉक्टरांनाही तसेच वाटले, आणि क्वेटियापिन या बायपोलरवरच्या औषधाची मात्रा वाढवल्याने वजन मात्र आणखी वाढले. अखेर झोपेची तपासणी झाली तेव्हा तासाला ४२ वेळा श्वास अडखळत असल्याचे निघाले. ३० च्या वर आकडा गेला की हा आजार, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया, तीव्र धरतात.

यंत्र लावल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात एकदा पहाटे साडेतीनला जाग आली, ती अगदी ताजेतवाने वाटूनच. पत्नी उठली तेव्हा माळ्यावरची सगळी पितळी भांडी खाली उतरवून मी ती चिंचेने घासत बसलो होतो आणि शिकवणीचे नवे वर्ग कुठे कुठे काढायचे, हे तिला भराभर सांगू लागलो. इतक्या वर्षांनी खरी झोप मिळाल्याचा हा उत्साह आहे, अशी माझी खात्री होती. तिने यंत्राच्या पडद्यावरचा आकडा पाहिला: ३ तास ४० मिनिटे. आदल्या रात्रीही चारच तास होते. बरी झोप मिळालेला माणूस सहा-सात तास झोपून ताजा होतो. पावणेचार तासांत ज्याची झोप पुरी होते आणि दिवसभर थकवाही येत नाही, त्याला बायपोलर असेल तर उन्माद चढत असण्याची शक्यता असते. तिने आठ वाजता डॉक्टरांना फोन केला, त्यांनी औषध बदलले, आणि दहा दिवसांत झोप सहा तासांवर आली.

त्या दहा दिवसांत दादा रोज सांगत होते की यंत्रानेच डोके फिरवले आहे, ते परत करून टाक. मी डॉक्टरांना विचारून ते चालूच ठेवले. रात्रभर श्वास अडखळला की झोप तुटत राहते, आणि तुटलेली झोप आपल्यासारख्यांना दोन्ही बाजूंनी घातक ठरते.

गुदमरण्यावर मला उपयोगी पडले ते असे: संध्याकाळी वर्तमानपत्र वाचताना अर्धा तास मास्क लावून बसत असे, हवेचा दाब हळूहळू वाढेल अशी रॅम्पची सोय चालू ठेवली, आणि नाकावर वळ उठवणारा मास्क बदलून घेतला. झोप येत नाही म्हणून मनाने गोळी मात्र घेऊ नका. काही गोळ्यांनी घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वास अधिकच अडतो. यंत्र लावणाऱ्या प्रत्येकाला माझ्यासारखा उन्मादाचा झटका येतो असे नाही, हेही सांगितले पाहिजे.

घरातले कोणी यंत्राला नावे ठेवत असेल, तर तपासणीचा कागद त्याच्यासमोर ठेवा. वाद नको म्हणून मी तो दादांना कधी दाखवला नाही, आणि तेच माझे चुकले. ज्याचा श्वास रात्रभर तासाला ४२ वेळा अडखळतो, त्याला आळशी म्हणता येत नाही, हे मी त्यांना तेव्हाच सांगायला हवे होते.